झाकून ठेवलेल्या लढाया

"ह्यातल्या कुणालाच मारलं नाहीस तू?"

हे विचारत होते. टीव्हीसमोर चटईवर बसलेले, हातात गेमचा रिमोट. मी मागच्या पायरीवर आमसुलांसाठी रातांबे फोडत होते, बोटं लालभडक झालेली.

"कुणाला?"

"ह्या सगळ्यांना. नकाशा बघ जरा. जिकडंतिकडं लाल ठिपके."

"तुमच्यासाठी ठेवलेत," मी म्हटलं आणि शाबासकीची वाट बघत बसले.

शाबासकी कसली! नुसती मान हलवली आणि परत टीव्हीकडं तोंड. पण खरं सांगते, मला तेवढ्यानंही बरं वाटलं. बोटीवरून घरी आल्यापासून इतकं ते पहिल्यांदाच बोलले होते. तोवर नुसतं हो, नाही, नको, ठेव तिथं.

आमचे हे म्हणजे दत्ताराम मयेकर, मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर, उरलेले आचऱ्याला घरी. माझे वडील मूळचे मालवणकडचेच, पण एस.टी.च्या नोकरीत कऱ्हाडला गेले आणि तिथंच राहिले. म्हणजे मी नावाची कोकणातली आणि वाढलेली घाटावर. लग्न होऊन आले तेव्हा मला ना मालवणी येत होतं ना मासा साफ करता. शेजारणी तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ वळली की "घाटावरची" म्हणून हसायच्या. हे मात्र माझ्याशी मुद्दाम शाळेतलं मराठी बोलायचे. सगळ्या गावात माझ्या भाषेत बोलणारा एकच माणूस, आणि तोही समुद्रात. मूलबाळ नाही. घरात मी आणि सासूबाई.

गेमचा डबा त्यांनी सिंगापूरहून आणलेला. सुट्टीत आले की बसायचे. त्यातला तो ढाल-तलवारवाला गडी, डोंगर, दऱ्या, पडके किल्ले आणि वाटेवाटेवर राखण करणारे मुखवटेवाले. ह्यांना मारामारीचं भारी वेड. "आला बघ, आला बघ, घे!" असं ओरडत खेळायचे. मधल्या रस्त्यानं पळत जायचे आणि मुखवटेवाला दिसला की भिडायचे. बाजूला काय आहे, झाडामागं काय आहे, ढुंकून बघायचे नाहीत. मी शेजारी भाजी निवडत बसायची आणि म्हणायची, "अहो, ती पायवाट कुठं जाते ते बघा की." तर म्हणायचे, "तिकडं कोण नाहीये गं मारायला."

मग सुट्टी संपली, हे निघाले, आणि जाताना मला बजावून गेले, "डबा रोज थोडा वेळ चालू ठेव. पावसात बंद राहिला की आत बुरशी धरते." आमच्याकडे टीव्ही काय, मिक्सर काय, सगळ्याचं तेच. खारी हवा लोखंड खाते.

म्हणून मी रोज दुपारची भांडी झाली की डबा लावायची. नुसता लावून काय करायचं? त्या गड्याला चार पावलं चालवलं. मग आणखी चार. मग ती पायवाट घेतली. पायवाटेच्या टोकाला एक कडा होता, आणि कड्यावरनं खाली दरी, धुकं, एक पांढरी रेघ म्हणजे नदी. अगं बाई! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आचऱ्याला येऊन मला किती वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत मी उंचावरून खाली काही बघितलं नव्हतं. इथं सगळं सपाट, माड आणि पाणी.

मग काय, चटकच लागली. त्या नकाशाचं असं असतं की जिथं आपलं पाऊल पडतं तेवढाच भाग उजळतो, बाकी सगळा काळा. मी एकेक कोपरा उजळत गेले. गुहा, झरे, ओसाड देवळं, एका झाडावर तर नुसती वटवाघळं. मुखवटेवाल्यांना मात्र हात लावला नाही. लपत, वाकून, त्यांच्या पाठीमागनं जायचं. कोण किती वेळ पाठ करून उभा राहतो हे मला माझ्या घरच्या माणसांपेक्षा जास्त पाठ झालं होतं.

सासूबाई पलीकडं वाती वळत बसायच्या. त्यांनी त्या गड्याचं नाव बाबल्या ठेवलेलं.

"ह्यो मेलो दिसभर खंय हिंडता गो? कामधंदो काय नाय तेका?"

"हेच त्याचं काम, आई."

"बरा काम गावला मेल्याक."

मुखवटेवाल्यांना मी भीत होते हे खरं, पण ते एकच कारण नव्हतं. आमच्या घरात मासे आले की सुरमईची मधली तुकडी घरच्या कर्त्यासाठी झाकून ठेवायची. तो उशिरा येवो, लवकर येवो, ती तुकडी त्याची. ह्यांना लढाया आवडतात ना, मग त्या सगळ्या मी ह्यांच्यासाठी झाकून ठेवल्या. अख्खा मुलूख फिरले आणि लढाई एकही खाल्ली नाही. येतील, बघतील आणि खूश होतील, म्हणतील शालन, तू म्हणजे ना!

आणि आले ते असे आले.

बोटीवर काहीतरी झालं होतं. आफ्रिकेच्या बाजूला चाचे चढले होते, एवढं कंपनीच्या माणसानं फोनवर कळवलं होतं. सगळे सुखरूप आहेत, असंही म्हणाला होता. मी देवळात नारळ दिला. माणूस दारात उभा राहिला तेव्हा हातपाय सगळं जागच्या जागी होतं. पण ताटावर बसायचे आणि भात चिवडत राहायचे. कुणी दार वाजवलं की अंग चोरायचे. शेवटी मी आणि सासूबाई दार वाजवायच्या ऐवजी हाक मारायला लागलो. काय झालं विचारलं तर "काही नाही." सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठमोहऱ्या टाकल्या. काही नाही.

म्हणून त्या दिवशी त्यांनी आपण होऊन रिमोट उचलला तेव्हा मी रातांबे सोडून तशीच शेजारी येऊन बसले.

"शालन, ह्यात अशी जागा आहे का कुठं, जिथं कोणी नाही?"

"आहे की! ढिगानं आहेत. डावीकडं घ्या. आता एक मोडकी कमान येईल. तिच्या मागं झरा आहे. झऱ्याच्या वर चढलात की..."

"सांगू नकोस ना."

"बरं. नाही सांगत. फक्त तिथनं उडी मारू नका, खाली..."

"शालन."

मी तोंडावर हात ठेवला. पण माझं तोंड गप्प राहिलं तरी नकाशा बोलत होता. जिकडं जावं तिकडं उजळलेलं. पेट्या उघडलेल्या, दिवे लावलेले. कोऱ्या जागी जायची त्यांची भूक होती आणि मी एक घास शिल्लक ठेवला नव्हता. थोडा वेळ चालले आणि म्हणाले, "सगळीकडं तू जाऊन आलीयेस." रागानं नाही. लग्नघरी जेवणं उरकल्यावर पोचलेला पाहुणा बोलेल तसं.

तेवढ्यात झऱ्यापाशी मुखवटेवाले आले. अंगावर येण्याआधी ते काय करतात, तर ढालीवर तलवारीची मूठ आपटतात. ठक, ठक, ठक. मला वाटलं, आता हे म्हणणार, "आला बघ, घे!" मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कधी एकदा ते जुनं हसू येतंय म्हणून.

रिमोट खाली पडला. हे दोन्ही हात कानांवर घेऊन भिंतीला टेकले होते, आणि टीव्हीत तिघं मिळून बाबल्याला बडवत होते.

"बंद कर," ते म्हणाले. "बंद कर ते ठोकणं."

मी बटण दाबलं. ते उठून सुरूच्या बनाकडं निघून गेले आणि मी तिथंच बसून रडले. सासूबाई जवळ आल्या, पाठीवर हात ठेवला. मला राहूनराहून एकच वाटत होतं. ज्या माणसाला विसाव्याला एक मोकळी जागा हवी होती, त्याच्यासाठी मी सगळा मुलूख मारेकऱ्यांनी भरून ठेवला होता. वरून शाबासकी मागितली!

नकाशाचा एकच तुकडा अजून काळा होता. उत्तरेला एक दगडी पूल, आणि पुलावर एक राक्षसाएवढा पहारेकरी. त्याच्या मागनं जायला वाटच नव्हती, म्हणून मीही तिथनं परत फिरलेली. पुलापलीकडं काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. ती जागा तेवढी कोरी होती. पण तिथवर जायचं तर वाटेतले सगळे ठिपके पुसायला हवे होते, एकही ठकठक उरता कामा नये.

मला लढता येत नव्हतं. उंदीर दिसला तर मी पाटावर चढणारी बाई. पण दुसरं कोण होतं?

हे रोज सकाळी न्याहारी झाली की बनात जाऊन बसायचे ते जेवायच्या वेळेपर्यंत. ते कुंपणाबाहेर पडले की मी डबा लावायची. आवाज पार बंद, चुकून वाऱ्यानं तिथवर जायला नको. आणि आवाज बंद म्हणजे मुखवटेवाला कधी अंगावर येणार ते कळायचं नाही. पहिल्या सकाळी मी इतकी मेले, इतकी मेले की सासूबाई म्हणाल्या, "अगो, बाबल्याक जगू दी गो वायच!"

"मग मी काय करू, आई? कधी मारायचं तेच कळत नाही."

त्या सरकून पुढं आल्या. थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोहे कांडूक येतत मा तुका?"

आमच्याकडं दोघी बायका एका उखळात आळीपाळीनं मुसळ घालतात. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. एकीनं हुंकार द्यायचा, दुसरीनं त्यावर ताल सांभाळायचा. जरा ताल चुकला की मुसळावर मुसळ आणि हाताला झिणझिण्या. ह्या घरात आल्यावर मला पहिल्यांदा काही नीट जमलं असेल तर ते कांडण. सासूबाईंच्या हुंकारावर मी डोळे मिटून मुसळ टाकायची.

"तेचो हात वर गेलो की मी हूं करतंय. तू तेवा घालू नको. तेचो खाली पडलो की घाल."

आणि जमलं की! त्या "हूं" म्हणायच्या, मी ढाल धरायची. त्यांचा श्वास सुटला की मी तलवार घालायची. हूं, हाण. हूं, हाण. झऱ्यावरचे तिघं पडले. कमानीखालचे पडले. सासूबाईंना असा चेव आला की विचारू नका. "मार गो तेका! तो बघ तो पळता, मेलो!" वाती तशाच राहिल्या, देवाला दोन दिवस जुन्या वातीवर भागवावं लागलं. मला बक्कळ आनंद व्हायला हवा होता, पण नाही. त्या प्रत्येक मुखवट्याला मी ओळखत होते. देवळापाशी एक होता, तो पहारा देताना मध्येच थांबून नदीकडं बघायचा. मी कितीदा त्याच्या मागं लपून त्याच्याबरोबर नदी बघितली होती. घरात कुणी नसताना तेवढीच सोबत. त्याला मारताना माझा हात अडला.

"हाण," सासूबाई म्हणाल्या.

मी हाणला. मग पाणी प्यायला उठले.

पुलावरच्या राक्षसानं आमचा जीव खाल्ला. त्याचा ताल कांडणाचा नव्हता, एक घाव लांब आणि दोन आखूड. सासूबाईंचा घसा बसला. सकाळमागून सकाळ गेली. शेवटी एकदाचा तो गुडघ्यावर आला, आडवा झाला, आणि पूल मोकळा झाला. मी रिमोट चटईवर ठेवला. बाबल्या पुलाच्या अलीकडं उभा. एक पाऊल टाकलं असतं तर पलीकडचं सगळं दिसलं असतं, आणि मला ते बघायचं होतं हो, जीव जात होता बघायला.

मी तशीच अनवाणी बनात गेले.

"चला घरी."

"काय झालं?"

"तुमच्यासाठी जागा केलीय. कोणी नाही तिथं. आणि मीसुद्धा गेलेली नाही. आईंची शपथ."

ते वाळू झटकत उठले. मग आले. नकाशा उघडला, इकडून तिकडं फिरवला. लाल ठिपका एकही नव्हता.

"हे सगळं कोणी मारलं?"

"आम्ही दोघींनी."

"आये?" त्यांनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी बसलेल्या घशानं नुसतं "हूं" केलं. आणि हे हसले. तोंडभर नाही, पण हसले.

मग बाबल्या पुलावरनं निघाला. मी आवाज थोडा वाढवला. नुसता वारा होता आणि पावलं. पूल संपला, एक चढ लागला, आणि चढाच्या माथ्यावर पलीकडं समुद्र. सबंध मोकळा किनारा, ना होडी ना माणूस. वाट तिथनं दोन्हीकडं फुटत होती.

"कुठं वळू?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

हे वळले नाहीत. माथ्यावर एक दगड होता, त्यावर बाबल्याला बसवलं. आणि समोर बघत बोलायला लागले. माझ्याकडं नाही, त्या समुद्राकडं.

"चाचे चढले तेव्हा आम्ही सगळे खाली इंजिनरूममध्ये पळालो. दाराची मूठ माझ्या हातात होती. कॅप्टन म्हणाला, लाव. मी लावली. मग कळलं की मेसमधला पिंटो बाहेर राहिला. तो दार ठोकायला लागला. कॅप्टन म्हणाला, उघडायचं नाही, उघडलं तर सगळे जातील. बरोबरच होतं ते. मी मूठ धरून उभा होतो, शालन. तो माझं नाव घेऊन ठोकत होता."

सासूबाईंच्या हातातली वात थांबली.

"मेला का हो?" मी विचारलं.

"नाही. नौदलाचे लोक आले, दार उघडलं, तर तो दाराशीच बसलेला. जिवंत. खूप मारलं होतं त्याला. मुंबईपर्यंत एकाच बोटीतून आलो आम्ही. माझ्याशी एक शब्द बोलला नाही."

मी त्यांचा हात धरला. रातांब्यांचा लाल रंग अजून माझ्या नखांत होता. त्या दुपारी ते दोन वेळा भात मागून जेवले.

त्यानंतर रोज दुपारी हे खेळायला बसायचे. मी स्वयंपाकघरात, परसात, आमसुलं वाळवण्यात. आतनं वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज यायचा. मी विचारायची, "काय काय बघितलं?" तर म्हणायचे, "मोठं आहे गं." मनात यायचं, मलाही बोलवा की. पण म्हटलं, असू दे, मी तो एवढा मुलूख एकटीनं फिरलेय, हा त्यांचा. हळूहळू ते माणसांत आले. बाजारात जायला लागले. पिंटोला गोव्याला जाऊन भेटून आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, पण येताना काजू घेऊन आले, पिंटोच्या आईनं दिलेले.

आणि दिवाळीनंतर बोटीचा निरोप आला. हे बॅग भरायला लागले.

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा तोंड सोडून भांडले. "बरं केलं मी तुम्हाला! झक मारली आणि बरं केलं! आजारी होता तेव्हा निदान घरात तरी होता!"

"शालन, मला दुसरं काही येत नाही गं."

"मग मला तरी काय येतं?"

त्यांनी बॅगेची चेन ओढली. मी स्टँडवर पोचवायला गेले नाही. घरात पाठमोरी उभी राहून बस गेल्याचा आवाज ऐकला.

बरेच दिवस डब्याला हात लावला नाही. म्हटलं, धरू दे बुरशी. मग एका दुपारी सासूबाईच म्हणाल्या, "बाबल्याक बघूया तरी खंय आसा तो."

लावला. बाबल्या त्या माथ्यावर, त्याच दगडावर बसलेला, समुद्राकडं तोंड करून. मला वाटलं, फिरून परत इथं आणून बसवला असेल. नकाशा उघडला. पुलापलीकडं नखाएवढा तुकडा उजळलेला होता. दगडापर्यंतचा. पुढं सगळं काळं.

"आई, हे पुढं गेलेच नाहीत?"

"तेणा फुडे जावकच दिल्यान नाय बाबल्याक," सासूबाई म्हणाल्या. "रोज हयसरच बसान ऱ्हवायचो. मी म्हटलंय, जा रे फुडे. तर म्हणालो, आये, ह्या शालनसाठी ठेवलंय. तुका सांगू नको म्हणालो."

स्टँडवर गेले असते तर काय बिघडलं असतं माझं?

पहिल्यांदा मनात आलं, राहू दे हे असंच, ते येतील तेव्हा दोघं जाऊ. मग म्हटलं, नाही शालन. झाकून ठेवलेल्या तुकडीचं काय होतं ते तू एकदा बघितलंस. मी बाबल्याला उठवलं. डावीकडं वळले. एकटीच, शेजारी सासूबाई वाती वळत आणि घरात लाटांचा आवाज. त्या किनाऱ्यावर मी दिवसच्या दिवस चालले. काय काय बघितलं तिथं! आणि दर वेळी, कुणाला दाखवू म्हणून मान वळवली की शेजारी रिकामी चटई.

थंडी सरताना त्यांचा फोन आला. कुठल्यातरी बंदरातून, खरखरत.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"हो." मग म्हणाले, "शालन, त्या दगडापासून कुठं वळलीस?"

"डावीकडं."

"मग? काय होतं पुढं?"

"तुम्हाला सांगितलेलं आवडत नाही."

"आता सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. सावकाश."